'ऑसम' म्हणू, 'लव्हली' म्हणू की नुसतं 'नाइस'? इंग्रजीत कौतुकाचा शब्द कसा निवडायचा

माझ्या आतेबहिणीची मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेलीये, पहिला आठवडा संपला आणि रात्री तिचा मेसेज आला, "मामा, मी माझं काम दाखवलं तर टीम लीड म्हणाला 'ग्रँड', एवढं आवडलं असेल का त्याला?" आपल्याकडे ग्रँड म्हटलं की ग्रँड ओपनिंग, ग्रँड लग्न, हॉलभर लायटिंग, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिकच आहे. पण आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, चालेल, काही प्रॉब्लेम नाही. चहा हवाय का विचारलं आणि नको असेल तरी तिथला माणूस 'आय ॲम ग्रँड' म्हणतो. मी तिला तसं कळवलं तर तिचं उत्तर, मग मला सगळ्या शब्दांची लिस्टच द्या.

लिस्टने काही होत नाही हे मी अनुभवलंय. मी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा माझ्याकडे पाठ केलेली लिस्ट होती, गुड, नाइस, ग्रेट, सुपर्ब, फँटॅस्टिक, मार्व्हलस, आणि सगळ्यांसमोर मराठीत छान, उत्तम, अप्रतिम असं लिहिलेलं. साहेबांनी माझ्या रिपोर्टवर 'क्वाइट गुड' लिहिलं, मी क्वाइट म्हणजे खूप असं धरून चाललो आणि रात्री घरी फोन करून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच रिपोर्ट अर्ध्याच्या वर पुन्हा लिहायला परत आला. अर्थ माहीत होता, वजन माहीत नव्हतं. तर जे आत्ता नव्याने बोलायला लागलेत, क्लायंट कॉलवर असोत, परदेशात कॉलेजला असोत किंवा हिंजवडीत बसून रोज तिकडच्या लोकांशी चॅट करणारे असोत, त्यांनी खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या.

पायरी १: आधी मराठीत वजन ठरवा

हे काम तुम्हाला येतंच. मित्राने विचारलं नवीन हॉटेल कसं आहे, तर तुम्ही 'बरंय' म्हणता, 'चांगलंय' म्हणता, 'मस्तय', 'भारी', 'लय भारी', 'एक नंबर' म्हणता, आणि यातला प्रत्येक शब्द ऐकून मित्राला बरोब्बर कळतं की जायचं की नाही. 'बरंय' ऐकून कोणी मुद्दाम गाडी काढून जात नाही. तशीच शिडी इंग्रजीतही आहे, फक्त आपल्याला शाळेत ती आडवी करून शिकवतात, सगळे शब्द एकाच ओळीत.

तर सगळ्यात खालच्या पायरीवर 'ओके' आणि 'फाइन'. 'फाइन' हा शब्द आपल्याला फार फसवतो, कारण वहीवर बाई फाइन लिहायच्या तेव्हा आनंद व्हायचा, आणि फाइन आर्ट्स वगैरेमध्ये तो खरंच वरच्या दर्जाचा आहे. पण कोणी प्रेमाने जेवायला बोलावलं आणि जेवण कसं झालं विचारलं, त्यावर 'इट वॉज फाइन' म्हणालात तर त्यांचा चेहरा पडतो. त्याचा अर्थ पोट भरलं, तक्रार नाही, एवढाच.

त्याच्या वर 'डिसेंट' आणि 'प्रिटी गुड'. आपल्याकडे डिसेंट म्हणजे सभ्य, डिसेंट मुलगा म्हणजे संस्कारी, व्यसन नाही, आईवडिलांना मानणारा. बोलीच्या इंग्रजीत 'अ डिसेंट कॉफी' म्हणजे पैसे वसूल होण्याइतपत चांगली कॉफी, आपलं 'बऱ्यापैकी'. 'सॉलिड'चं पण तसंच. मुंबईत सॉलिड मजा आली म्हणजे धमाल आली, पण अमेरिकन मॅनेजर 'सॉलिड वर्क' म्हणतो तेव्हा तो म्हणतोय की काम पक्कं आहे, भरवशाचं आहे, डोळे झाकून पुढे पाठवता येईल. कौतुक आहे, आणि माझ्या मते ऑफिसमधलं सगळ्यात मनापासूनचं कौतुक हेच असतं, पण त्यात धमाल नाही.

मग 'गुड' आणि 'नाइस', मग 'रियली गुड' आणि 'ग्रेट', आणि सगळ्यात वर 'अमेझिंग', 'फँटॅस्टिक', 'इनक्रेडिबल', 'ऑसम', 'ब्रिलियंट' ही मंडळी. मराठीत ठरवा की तुम्हाला 'बरंय' म्हणायचंय, 'मस्त' म्हणायचंय की 'अप्रतिम', आणि मगच इंग्रजीकडे जा. उलटं केलं की तोंडात जो शब्द आधी येतो तोच सगळीकडे वापरला जातो, आणि आपल्या लोकांच्या तोंडात आधी येतो 'ऑसम', मग फाइल मिळाली तरी ऑसम आणि मुलगी दहावीत पहिली आली तरी ऑसम.

पायरी २: पुढे 'व्हेरी' लागतं का ते बघा

ही पायरी छोटी आहे पण चुका सगळ्यात जास्त इथे होतात. खालचे आणि मधले शब्द, म्हणजे गुड, नाइस, टेस्टी, कमीजास्त करता येतात, त्यांना 'व्हेरी' चालतं. वरचे शब्द आधीच टोकाला पोचलेले असतात, त्यांना 'व्हेरी' लावत नाहीत. 'व्हेरी अमेझिंग', 'व्हेरी फँटॅस्टिक', 'व्हेरी सुपर्ब' हे ऐकताना खटकतं, मराठीत 'जरासं अप्रतिम' म्हटल्यावर कसं वाटेल तसं. त्यांना जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' लावा, आणि ते मात्र खालच्या शब्दांना चालत नाही, 'ॲब्सोल्यूटली नाइस' कोणी म्हणत नाही. गोंधळ होत असेल तर 'रियली' लावा, ते दोन्हीकडे चालतं, 'रियली गुड' पण आणि 'रियली अमेझिंग' पण. डिलिशसला सुद्धा व्हेरीपेक्षा रियली शोभतं.

आणि 'टू गुड'. आपल्याकडे गाणं संपलं की सगळे 'टू गुड यार!' म्हणतात आणि ते भारतातल्या इंग्रजीत कौतुकच आहे, त्यात चूक म्हणण्यासारखं काही नाही. पण परदेशातल्या माणसाला 'टू' म्हणजे गरजेपेक्षा जास्त असंच आधी ऐकू येतं, तो वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत बसतो, टू गुड टू बी ट्रू वगैरे काही येणार म्हणून. तिथे 'सो गुड' म्हणा, काम होतं.

पायरी ३: कशाचं कौतुक करताय

आधी एक जोडी पाठच करा, 'फन' आणि 'फनी'. पार्टीला मजा आली तर 'द पार्टी वॉज फन'. फनी म्हटलं की हसू आलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीतरी विचित्र होतं. यजमानीणबाईंना 'युवर पार्टी वॉज व्हेरी फनी' म्हणणारे आपले लोक मी स्वतः पाहिलेत, आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी विचारत होत्या की काय चुकलं.

खाण्याला 'टेस्टी', 'डिलिशस', 'रियली गुड' हे सगळीकडे चालतात. 'यमी' घरात, लहान मुलांशी, जवळच्या मैत्रिणींत ठीक, क्लायंटबरोबरच्या जेवणात नको. ब्रिटनमध्ये जेवणाला 'लव्हली' म्हणतात आणि 'गॉर्जस' पण म्हणतात, भाजलेल्या बटाट्यांना सुद्धा, अमेरिकेत गॉर्जस जास्त करून दिसण्याबद्दल.

माणसांच्या बाबतीत सावकाश घ्या. 'ही इज नाइस' म्हणजे स्वभावाने चांगला, वागायला बरा. 'स्मार्ट' बघा, आपण म्हणतो आज एकदम स्मार्ट दिसतोयस, ते ब्रिटनमध्ये जुळतं कारण तिथे स्मार्ट म्हणजे नीटनेटके कपडे घातलेला, पण अमेरिकेत स्मार्ट म्हणजे हुशार, तिथे 'यू आर लुकिंग स्मार्ट' म्हणालात तर अर्थच लागत नाही पटकन. आणि 'होमली' हा शब्द तर परदेशी स्थळाशी बोलताना अजिबात काढू नका, मनापासून सांगतो. आपल्या स्थळांच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं होमली म्हणजे घर सांभाळणारी, घरगुती वळणाची. ब्रिटनमध्ये घराला होमली म्हणतात, साधं आणि उबदार या अर्थाने. पण अमेरिकेत माणसाला होमली म्हणणं म्हणजे दिसायला यथातथा म्हणणं. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलीला तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने होमली म्हटलं तर तिला नक्की काय ऐकू येईल याचा विचार करा.

ऑफिसात दिसण्याचं कौतुक करायचं असेल तर माणसाचं न करता वस्तूचं करा. 'नाइस जॅकेट', 'लव्हली स्कार्फ' इथवर ठीक. 'क्यूट' आपण बाळांना म्हणतो, पण अमेरिकेत मोठ्या माणसाला क्यूट म्हणणं म्हणजे तो किंवा ती आवडते असं सुचवणं, सहकाऱ्यांच्या बाबतीत ते टाळाच. कोणी मदत केली तर 'दॅट्स रियली काइंड ऑफ यू' हे वाक्य कुठल्याही देशात, कुठल्याही वयाच्या माणसाला चालतं.

पायरी ४: देश कुठला

इथे जरा थांबा, कारण खरी गंमत आणि खरा गोंधळ इथेच आहे.

ब्रिटनमध्ये मोठे शब्द छोट्या कामाला आणि छोटे शब्द मोठ्या कामाला वापरतात. दुकानात तुम्ही पोस्टकोड सांगितला की समोरचा 'ब्रिलियंट' म्हणतो, सही केली की 'लव्हली', पैसे दिले की 'परफेक्ट'. तुम्ही काहीही ब्रिलियंट केलेलं नसतं, ते फक्त 'हं, झालं' असं आहे. आणि तोच माणूस खरंच खूश झाला की म्हणतो 'नॉट बॅड ॲट ऑल'. तर तिथे 'नॉट बॅड ॲट ऑल' मिळालं तर घरी फोन करायला हरकत नाही. 'क्वाइट गुड' मात्र सांभाळून, तिथे क्वाइट साध्या शब्दाच्या आधी आला की तो त्या शब्दाचं वजन कमी करतो, ठीकठाक आहे पण अजून हवं होतं. अमेरिकेत तोच क्वाइट वजन वाढवतो. आणि ब्रिटनमध्येच टोकाच्या शब्दाआधी, म्हणजे 'क्वाइट ब्रिलियंट', आला तर अर्थ पूर्णपणे असा होतो. म्हणून नवख्या माणसाने क्वाइट ऐकावा, समजून घ्यावा, पण स्वतः पहिलं वर्षभर वापरू नये असं माझं मत आहे. तिथला 'इंटरेस्टिंग' पण असाच. तुमच्या कल्पनेवर नुसतं 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणून विषय बदलला तर बहुतेक कल्पना आवडलेली नसते.

ब्रिटनच्या आतही जिल्हे बदलले की शब्द बदलतात, लिव्हरपूलला 'बॉस' म्हणजे भारी, न्यूकॅसलकडे 'कॅनी' म्हणजे छान, उत्तर इंग्लंडमध्ये 'मिंट', स्कॉटलंडमध्ये 'ब्रॉ'. आपल्याकडे कोल्हापूरचं 'नाद खुळा' नागपुरात जसंच्या तसं बसत नाही, तसंच. हे ऐकून ओळखा, लगेच बोलू नका.

अमेरिकेत 'ग्रेट', 'ऑसम' आणि 'अमेझिंग' रोजच्या बोलण्यात आहेत आणि ते सढळ हाताने वाटले जातात, त्यामुळे तिथे नुसतं 'गुड' म्हटलं तर कधीकधी कमी पडतं. डेमो चांगला झाला आणि तुम्ही 'इट वॉज गुड' म्हणालात तर समोरच्याला वाटतं काहीतरी राहिलं. तिथे एक पायरी वर चढा, 'ग्रेट' म्हणा. ब्रिटनमध्ये एक पायरी खाली उतरलात तरी चालतं. 'ब्रिलियंट' अमेरिकेत म्हणाल तर ते अतिशय बुद्धिमान या अर्थाने जास्त घेतलं जातं. 'लव्हली' तिथे ब्रिटनपेक्षा बरंच कमी ऐकू येतं. बॉस्टनकडे 'विकेड गुड' म्हणतात, विकेड म्हणजे दुष्ट असलं तरी तिथे त्याचा अर्थ 'जाम' एवढाच, जाम भारी.

ऑस्ट्रेलियात आदिवासी समाजाच्या इंग्रजीत 'डेडली' म्हणजे उत्कृष्ट, आणि डब्लिनमध्येही डेडली म्हणजे भारी. न्यूझीलंडला 'स्वीट ॲज' म्हणतात, ॲजच्या पुढे काहीच नसतं, वाक्य तिथेच संपतं, वाट बघू नका. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्समधून आलेला 'लेकर' खाण्यापासून हवेपर्यंत सगळ्याला लागतो. आयर्लंडला 'ग्रँड'चं वर सांगितलंच, पण तिथे तुम्हाला कोणी 'साउंड' म्हणालं तर ते खरं कौतुक आहे, साउंड म्हणजे मनाने चांगला आणि विश्वास ठेवावा असा माणूस. भाचीला हे पण लिहून पाठवलंय.

पायरी ५: शब्दाच्या पोटात काय आहे यावर जाऊ नका

नवीन लोक शब्द फोडून अर्थ काढतात आणि तिथे फसतात. 'टेरिफिक' आणि 'टेरिबल' एकाच लॅटिन मुळातून आलेत, भीती घालणे या अर्थाच्या. टेरिफिकचा अर्थ पूर्वी खरंच भयानक असा होता, पुढे तो बदलत जाऊन उत्कृष्टवर आला, टेरिबल मात्र वाईटच राहिला. 'ऑसम' आणि 'ऑफुल' दोन्हींच्या आत तोच 'ऑ' आहे, म्हणजे दरारा, थरकाप, एक वर गेला आणि एक खाली. आणि 'नाइस' तर मुळात लॅटिनमधल्या अज्ञानी या अर्थाच्या शब्दावरून आलाय, १३०० च्या आसपास इंग्रजीत नाइस म्हणजे मूर्ख होतं.

आपल्याला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही खरं तर, आपणही 'भयंकर सुंदर' म्हणतो, 'खतरनाक बॅटिंग' म्हणतो, जबरदस्त आणि जबरी म्हणतो आणि त्यात कोणालाच भीती वाटत नाही. पण व्यवहारातली सूचना अशी की टेरिफिक आणि टेरिबल सारखे वाटतात म्हणून घाईत एकाच्या जागी दुसरा जाऊ शकतो, लेखी मेलमध्ये तर फारच वाईट. सुरुवातीला टेरिफिक सोडून द्या, 'ग्रेट' आहेच की.

पायरी ६: समोर कोण आहे

बॉसला किंवा मोठ्या माणसाला 'गुड जॉब' किंवा 'वेल डन' म्हणू नका. व्याकरणात काही चूक नाही, पण हे शब्द वरून खाली जातात, शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे, मॅनेजरकडून टीमकडे, आपण काकांना 'शाब्बास' म्हणत नाही ना, त्यातलं आहे. वरच्या माणसाला सांगायचं तर तुम्हाला त्याचा काय उपयोग झाला ते सांगा, 'आय फाउंड युवर टॉक रियली हेल्पफुल'.

तरुणांचे शब्द वेगळे. 'सिक' म्हणजे जबरी, हे स्केटबोर्ड आणि सर्फिंगवाल्या पोरांच्या बोलण्यातून पसरलं, 'डोप', 'फायर', 'लिट' हे सगळे आफ्रिकन-अमेरिकन तरुणांच्या आणि हिपहॉपच्या बोलीतून बाहेर आले. 'कूल'चंही मूळ तिथेच, १९४० च्या दशकातल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बोलण्यात तो रुळला आणि तिथून जगभर गेला, सॅक्सोफोन वादक लेस्टर यंगचं नाव त्याच्याशी कायम जोडलं जातं. मला हे माहीत असणं महत्त्वाचं वाटतं, कारण आपण जे शब्द नेटवरचे म्हणून उचलतो ते कुणाच्या तरी घरातले असतात. 'गोट'चं बघा, ती बकरी नाही, ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइमची आद्याक्षरं आहेत, मुहम्मद अली स्वतःला ग्रेटेस्ट म्हणायचा आणि त्याची पत्नी लॉनी अली हिने १९९२ मध्ये त्याच आद्याक्षरांच्या नावाची कंपनी काढली होती. आता सचिनसाठी आपले लोक तोच शब्द लिहितात, पण तो नाम आहे, 'ही इज द गोट' असंच म्हणायचं.

हे शब्द वापरायचे का? समवयस्क मित्रांत, ते वापरत असतील तर, हो. जेवणाला 'सिक' म्हणू नका, ब्रिटनमध्ये 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय, उगाच धावपळ होईल. आणि हे शब्द लवकर शिळे होतात, 'स्वेल' आज कोणी म्हणत नाही, १९६० च्या दशकातला 'ग्रूव्ही' आणि १९८० च्या दशकातला 'रॅड' आता जुन्या काळची आठवण म्हणून येतात, आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला 'जॉली गुड' तर आजोबांच्या पिढीचा. इतक्या सगळ्यांत कूल तेवढा टिकला, अजून ताजा आहे, वय कुठलंही असो. पण 'कूल' म्हणजे कित्येकदा फक्त 'बरं, कळलं' असतं. तुम्ही लिहिलंत की मी पाच वाजता पाठवतो आणि तिकडून 'कूल' आलं, तर ते कौतुक धरू नका.

पायरी ७: विशेषणाला कारण जोडा

एवढं करूनही शब्द चुकेल कधीतरी, आणि त्यावर उपाय आहे. विशेषणानंतर एक ठोस गोष्ट सांगा. नुसतं 'ऑसम प्रेझेंटेशन' म्हणण्यापेक्षा 'ग्रेट प्रेझेंटेशन, द चार्ट ऑन स्लाइड थ्री मेड इट सो क्लिअर' म्हटलं की तुमचा ग्रेट जरा कमी पडला किंवा जास्त झाला तरी समोरच्याला कळतं की याने खरंच बघितलंय. मला स्वतःला मिळालेलं जे कौतुक आठवतं ते सगळं असंच आहे, त्यातली विशेषणं मी विसरलोय, पण कुठल्या ओळीबद्दल होतं ते लक्षात आहे.

सरावासाठी दोन गोष्टी करा. नवीन शब्द भेटला की केंब्रिजच्या किंवा ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत बघा, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, आणि अर्थाच्या आधी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, यूके, यूएस, हीच खरी माहिती, आपण नेमकी तीच सोडून पुढे जातो. मग 'यूग्लिश' नावाच्या साइटवर तो शब्द टाका, तिथे खऱ्या व्हिडिओंमधून लोक तो शब्द उच्चारताना एकामागून एक ऐकू येतात, आणि ब्रिटिश, अमेरिकन, आयरिश असं वेगळं करूनही ऐकता येतं. दहा तुकडे ऐका, बोलणाऱ्याचा सूर वर जातोय की सपाट आहे ते बघा. लांबवलेला 'ना...इस' आणि तुटक 'नाइस.' यात तेवढाच फरक आहे जेवढा 'वाऽऽ छान' आणि नुसत्या 'छान'मध्ये.

पहिल्या महिन्यासाठी तोंडात चारच शब्द ठेवा, 'नाइस', 'रियली गुड', 'ग्रेट', आणि ब्रिटन आयर्लंडला असाल तर 'लव्हली', अमेरिकेला असाल तर 'ऑसम', तोही दिवसातून एकदाच. बाकीचे कानात ठेवा. जो शब्द एकाच ऑफिसात तीन वेगळ्या माणसांकडून तीन वेगळ्या दिवशी ऐकाल, तो चौथ्या दिवशी तुम्ही वापरायला लागा.